सायकल, चौक आणि मागे वळून पाहणे

सायकल कशी शिकावी हे आपल्याकडे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सांगितलेले नाही. थोरला भाऊ, चुलता किंवा शेजारचा एखादा पोरगा मागून कॅरिअर धरतो, शिकणारे पोर दांडीखालून पाय घालून अर्धे अर्धे पायडल मारते, आणि मागून एकच घोष चाललेला असतो : "पुढं बघ! मागं बघू नको!" तोल साधेपर्यंत हा उपदेश योग्यच आहे. मागे पाहिले की हँडल वळते आणि गुडघे फुटतात. परंतु तोल साधला की शिकविणारा घरी जातो व शिकणारा मोकळा होतो. "आता मागं बघायला शीक" असे सांगण्यासाठी पुन्हा कोणी येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा राहून गेलेला धडा आहे. त्याची गरज मैदानात पडत नाही, चौकात पडते.

आमचे नेकनूर मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्र. ५४८ डी म्हणून ओळखला जातो. मांजरसुंब्याला त्याची गाठ धुळे-सोलापूर महामार्गाशी पडते. त्याचा जुना क्रमांक २११, आताचा ५२. पूर्वी खड्डेच वाहनांना आवरत असत. रस्ता सिमेंटचा झाला आणि वेग वाढला. तो गावाबाहेर वाढला तसा गावातही वाढला. बाजाराच्या दिवशी जनावरांनी भरलेले टेम्पो, हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, एस.टी. गाड्या, जीपगाड्या, आणि या सर्वांमधून वाट काढीत वस्तीवरून शाळेला येणारी सायकल, असे हे चित्र आहे. रस्त्याविषयी माझी तक्रार नाही. रस्ता झाला म्हणून दवाखाना जवळ आला, महाविद्यालयही जवळ आले. परंतु रस्ता रुंद करणाऱ्याने तो ओलांडण्याची विद्या कोणाच्या पदरात घातली नाही.

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील २२ जिल्ह्यांमधील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, त्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहत असतील तर, सायकलीसाठी साह्य देण्याची योजना आली. ज्या घरातली पहिलीच मुलगी आठवीच्या पुढे जाते आहे, त्या घराला या सायकलीचे मोल सांगावे लागत नाही. सायकल आहे म्हणून शाळा सुटत नाही. शाळा आहे म्हणून लग्नाची बोलणी लांबतात. आणि त्याच मुलीला फाट्यावर एखाद्या गाडीचा नुसता धक्का जरी लागला, तरी "आता पुरे झाली शाळा" हे वाक्य त्या एकाच घरात म्हटले जात नाही, सगळ्या वस्तीवर म्हटले जाते. अपघाताचे आकडे देशाचे असतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. पण शाळेतून काढलेल्या मुलींचा हिशेब अपघाताच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

आता नियमांकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिला परवाना लागत नाही आणि म्हणून परीक्षाही नाही. मोटार चालविणाऱ्यांसाठी १९८९ साली रस्त्याचे नियम झाले व त्यांच्या जागी २०१७ साली नवे आले. १९८९ च्या नियमांत चौकाविषयी दोन गोष्टी स्पष्ट होत्या. जेथे पोलीस नाही व दिवा नाही, तेथे मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे. आणि असा लहानमोठा भेद नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. सायकलस्वाराने हे आपलेच नियम मानावेत. वस्तीच्या वाटेवरून आपण महामार्गावर येतो तेव्हा थांबणे आपल्याकडे आहे, मग सायकल कितीही वेगात उतारावरून आलेली असो.

पाट्यांमध्ये सर्वांत मोठा घोटाळा सायकलच्याच पाटीचा होतो. लाल कडेच्या गोलात सायकलचे चित्र असेल तर तेथे सायकलला बंदी आहे. निळ्या गोलात तेच चित्र असेल तर तो मार्ग सायकलसाठीच राखलेला आहे. पुष्कळ मुले चित्र पाहतात, रंग पाहत नाहीत. अष्टकोनी लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा. टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या. खेड्यात या पाट्या कमी आढळतात, आणि असल्या तरी त्यांवर वाढदिवसाचा फलक बांधलेला असतो. असो.

हाताच्या खुणांचेही तसेच. डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, असे जुन्या नियमांत होते. ते मोटारीच्या उजव्या खिडकीशी बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी ठीक होते. सायकलवर डावा हात मोकळा आहे. तो सरळ डावीकडे धरावा, कोणालाही कळतो. खूण झाली की दोन्ही हात हँडलवर व बोटे ब्रेकवर आली पाहिजेत.

खरा धोका मात्र खुणांच्या पलीकडे, लांब वाहनाच्या वळण्यात आहे. उसाचा ट्रॅक्टर डावीकडे वळताना त्याची पुढची चाके मोठे वळण घेतात आणि मागच्या ट्रॉलीची चाके आतल्या अंगाने, कोपरा कापीत येतात. त्या कोपऱ्यातच सायकलवाला "ट्रॅक्टर तर गेला" असे समजून उभा असतो. हे सांगून पटत नाही; दाखवावे लागते, आणि दाखविण्यासाठी ट्रॅक्टर लागत नाही. सायकलची दोन्ही चाके पाण्यात भिजवून कोरड्या फरशीवर सायकल वळवावी. मागच्या चाकाची ओली रेघ पुढच्या रेघेच्या आत उमटते. लहानशा सायकलमध्ये एवढा फरक, तर दोन ट्रॉल्यांमध्ये किती, हे मुले आपणहून सांगतात.

दुसरी गोष्ट अंतराची. रस्ता दहा मीटर रुंद धरला, तर सायकल हातात घेऊन चालत ओलांडायला आठ सेकंद तरी लागतात. ताशी साठ किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्या वेळात १३३ मीटर येतो. ऐंशीने येणारा १७८ मीटर. आता तेरा वर्षांच्या मुलीने रस्त्याकडेला उभे राहून मीटर कसे मोजावेत? तिने विजेचे खांब मोजावेत. गावातल्या दोन खांबांमध्ये साधारण चाळीस-पन्नास मीटर अंतर असते. गाडी चार खांबांच्या आत आली असेल तर थांबायचे. आपल्या गावातले खांब एकदा पावलांनी मोजून हा आकडा नक्की करून घ्यावा, कारण खांब सगळीकडे सारखे नसतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघा विद्यार्थ्यांनी एका शाळेच्या मैदानावर फक्कीने चौक आखून काही मुलींना हा पाठ दिला. एक सरळ रेघ ओढली. मुलीने त्या रेघेवरून सायकल चालवायची, मागून आमच्यापैकी एकाने हाक मारायची, तिने उजव्या खांद्यावरून मागे पाहून आम्ही किती बोटे वर केली आहेत ते सांगायचे, आणि चाक रेघेवरच राहिले पाहिजे. पहिल्या फेरीत बहुतेकींचे चाक रेघ सोडून उजवीकडे, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर असते तर ट्रकच्या बाजूला गेले. अर्ध्या तासात बहुतेकींना जमले. एकीने विचारले, "दादा, दप्तर पाठीवर असलं की मान वळत नाही, मग?" तिचे म्हणणे बरोबर होते. दप्तर कॅरिअरला बांधून पुन्हा फेऱ्या घेतल्या, तेव्हा ओढणी कोठे खोचावी हा दुसरा प्रश्न निघाला. या गोष्टी कोणत्या पुस्तकात मिळणार?

उजवीकडे वळण्याचा शास्त्रशुद्ध प्रकार, म्हणजे मागे पाहून, हात दाखवून, रस्त्याच्या मध्याकडे सरकून वळणे, आम्ही मैदानावर शिकविला. पण महामार्गावर तो वापरू नका असेही सांगितले. तेथे डाव्या कडेला उतरावे व चालत ओलांडावे. नियमाच्या पुस्तकाला हे कदाचित कमीपणाचे वाटेल, पण माझे मत असेच आहे.

इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तेथे मुलांसाठी सायकल-प्रवीणतेची परीक्षा १९५८ पासून देशभर होती, तिची जागा पुढे २००७ मध्ये नव्या शिक्षणक्रमाने घेतली. त्यातही खांद्यावरून मागे पाहणे हा महत्त्वाचा पाठ आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक बालके वाहतुकीत मेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. तेथे प्राथमिक शाळेत मुलांची सायकलवर बसवून परीक्षा घेतात हे खरे, परंतु त्या आईबापांनी मागितले होते ते मुलांचे प्रशिक्षण नव्हे. त्यांनी रस्तेच बदलून मागितले, आणि बदलून घेतले.

येथे एक आक्षेप येतो व तो मला मान्य आहे. वेगात ट्रक चालविणारा मोठा माणूस, आणि धडे मात्र आठवीच्या पोरीला? न्यायाने पाहिले तर गावाच्या तोंडाशी गतिरोधक, थांबण्याची पांढरी रेघ आणि शाळा सुटण्याच्या वेळी एक माणूस, ही मागणी आधी यायला हवी. ती ग्रामसभेत आपणच मांडली पाहिजे. परंतु अर्ज मंजूर होईपर्यंत शाळा रोज भरते आणि रोज सुटते.

रस्ता सुरक्षा सप्ताह पूर्वी जानेवारीत होत असे. २०२१ साली त्याचा महिना झाला. या काळात निबंध, घोषवाक्ये व फेरी होते. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात फेरीऐवजी हा पाठ घ्यावा, अशी माझी सूचना आहे. खर्च एक पोते फक्की, एक बादली पाणी आणि प्रत्येक सायकलच्या मागे लावायला लाल चकती एवढाच आहे. वेळ मात्र सकाळची नको, शाळा सुटतानाची असावी. कारण हंगामात दिवस लवकर मावळतो आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या त्याच वेळी रस्त्यावर येतात.