भिलाईचे पोलाद आणि विजेचा तोल

भिलाईच्या पोलाद-कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात तापून लाल झालेला ठोकळा लाटण्याच्या रुळांमध्ये शिरला, की विजेची मागणी एकदम उसळते. ही वाढीव वीज येते कोठून? प्रथम जनित्रांच्या अवजड चक्रांतील गतीतून. चक्रे किंचित मंदावतात, सेकंदाला ५० आवर्तनांचे प्रमाण तसूभर घटते. मग झडपा उघडून वाफ वाढविली जाते.

हा तोल ढळला तर काय होते, ते ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची जाळी कोसळली. छत्तीसगड ज्यात मोडते ते पश्चिमेचे जाळे मात्र तगले.

सूर्यप्रकाशापासून वीज देणाऱ्या पट्ट्यांत फिरते चक्रच नसते. धूर टळतो, पण धक्का सोसणारी गतीही जाते. म्हणून 'स्मार्ट ग्रिड', म्हणजे सावध जाळे, हवे. ते प्रतिक्षणी मोजमाप घेते, विद्युत्घटांतील साठा सोडते आणि थांबू शकणारी मागणी पुढे ढकलते. थांबावे कोणी, हा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हे, धोरणाचा आहे. शेतावरचा पंप तासभर थांबेल. रुळांत शिरलेले तप्त पोलाद थांबत नाही.