जुनी फेरारी ४५६ घ्यावी का?

प्रश्न : मी लंडनजवळ राहतो. १९९५ची फेरारी ४५६ जीटी विकायला आली आहे. फारशी चालवलेली नाही. घ्यावी का? पुढे पुण्याला नेता येईल?

उत्तर : निवड झकास आहे. पिनिनफारिनाचं डिझाइन, साडेपाच लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, मागे दोन सीट (त्या पोरांसाठीच म्हणा). पण ‘फारशी चालवलेली नाही’ यावर भाळू नका. अशा गाड्या उभ्या राहूनच जास्त बिघडतात. आधी सर्व्हिसच्या बिलांची फाइल मागा. टायमिंग बेल्ट नुसते मैल बघून नव्हे, वर्षं मोजून बदलावे लागतात. तारीख जुनी असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. मग दार लावून काचेची वरची कड निरखा. या मॉडेलच्या बिनचौकटीच्या काचा रबराला नीट बसत नाहीत, ही जुनी खोड. मागचे शॉक अॅब्सॉर्बर गळतायत का, तेही वाकून पाहा. ते उंची आपोआप सांभाळणारे, म्हणून महाग. आतली बटणं चिकट लागली तर मात्र घाबरू नका.

पुण्याचं विसरा. तीन वर्षांहून जुनी मोटार भारतात आणायला आयातीचे नियम आड येतात. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढता येणार असेल, तरच घ्या.