जुना रंग खरवडताय? आधी धुळीतलं शिसं तपासा

घरात रांगतं मूल आहे आणि दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट खरवडायला काढलाय? मग धूळ तपासून घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांवर भरवसा ठेवू नका.

रंग बदलणारं किट फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगतं. प्लास्टरची धूळ मिसळली तर ‘आहे’चंही ‘नाही’ होऊ शकतं. पिस्तुलासारखं एक्सआरएफ यंत्र रंग न खरवडता आतल्या थरांतलं शिसं मोजतं, पण फरशीवर किती पसरलंय हे त्यातून कळत नाही. मुलाच्या हातातून तोंडात जाते ती धूळ. तेव्हा प्रयोगशाळेत थेट ‘वाइप सॅम्पल’, म्हणजे ओल्या वाइपने पुसून घेतलेल्या धुळीची चाचणी मागा.

प्रयोगशाळा, अशा प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. लोगो बघून थांबू नका, ‘स्कोप’ उघडा. मान्यता नुसत्या पाण्याच्या चाचणीचीही असू शकते. तुम्हाला वाइप आणि शिसं दोन्ही हवंय. तुमच्याकडून लागते ती नमुन्यांची यादी: खोली, जागा, पुसलेलं क्षेत्रफळ, तारीख, वेळ.

आता बिल. समजा, नमुन्याला ८०० रुपये सांगितले. पाच नमुन्यांचे ४,००० धरून बसू नका. न वापरलेला एक कोरा वाइपही तपासावा लागतो आणि त्याचेही पैसे लागतात. झाले ४,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८६४, म्हणजे ५,६६४. घरी येण्याचे, वाइप-नळ्यांचे, तातडीच्या अहवालाचे वेगळे लावतात का, किमान बिलाची अट आहे का, अहवाल किती दिवसांत, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. कोरा वाइप मात्र गाळू नका. शिसं मुळात वाइपमध्येच होतं का, हे त्याच्यावरूनच कळतं.

नमुना घेताना समोर उभे राहा. दर नमुन्याला नवे हातमोजे. टेपने आखलेली ३० बाय ३० सेंटीमीटरची चौकट. ओला वाइप आधी आडवा, घडी घालून उभा, पुन्हा घडी घालून कडांनी. मग थेट कडक झाकणाच्या नळीत. नुकत्याच पुसलेल्या हॉलच्या मधोमध एकच वाइप फिरवून कोणी निघाला, तर थांबवा. धूळ साचते ती खिडकीच्या खाचेत, नमुना तिथलाही हवा.

आकडे ताडून बघायला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४मध्ये ठरवलेली पातळी घ्या. दर चौरस फुटाला फरशीवर ५, खिडकीच्या पट्टीवर ४०, खाचेत १०० मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेचं यंत्र ५च्या खाली मोजतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

काम संपून शेवटची सफाई झाली की किमान तासभर थांबा आणि पुन्हा नमुने द्या. तो अहवाल हातात येईपर्यंत रंगाऱ्याचा शेवटचा हप्ता देऊ नका.