कोरड्या पांढऱ्या वाइनची ओळख : द्राक्षातील आंबटपणाचा अभ्यास

कर्जत व श्रीगोंदे या तालुक्यांतील बागाइतदारास कागदी लिंबाची ओळख करून देण्याचे कारण नाही. मिरजगावच्या शेतकऱ्यास लिंबू हातात घेताच त्यात रस किती व आंबटपणा किती याचा अंदाज येतो. याच जाणिवेच्या आधारे आज एका परक्या पदार्थाची ओळख करून घ्यावयाची आहे. तो पदार्थ म्हणजे फ्रान्स देशात ल्वार नदीच्या काठी, सांसेर या गावाच्या परिसरात होणारी पांढरी, कोरडी व चुरचुरीत आंबट वाइन.

वाइन प्यावी असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी त्यास विरोध केला, हे वाचकांस स्मरत असेल. पिणे न पिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न होय. परंतु ज्यास हे द्राक्ष लावावयाचे आहे, त्याने त्याची चव समजून घेतलीच पाहिजे. कारण कारखान्याच्या दारात माल त्या चवीवरच पारखला जातो.

पातळ पदार्थास कोरडा म्हणणे प्रथम विचित्र वाटते. येथे कोरडा म्हणजे गोडी न उरलेला. द्राक्षाच्या रसातील साखर किण्व खाते व तिचे मद्यार्कात रूपांतर होते. एका लिटरमधील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसापासून १२ ते १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. किण्वन पूर्ण होऊ दिले, की लिटरमागे ४ ग्रॅमपेक्षाही कमी साखर उरते. हीच कोरडी वाइन. गोडी गेल्यावर तिला उभे धरण्यास आंबटपणाखेरीज दुसरे फारसे काही राहत नाही. तो कमी पडला तर वाइन सपक लागते.

ही गोष्ट घरी, वाइनच्या थेंबावाचून, करून पाहता येते. कागदी लिंबाच्या रसात साधारणपणे ६ ते ७ टक्के आम्ल असते. एका भांड्यात १०० मि.लि. लिंबूरस घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर करावे. चांगल्या कोरड्या वाइनचा आंबटपणा साधारण इतकाच असतो. दुसऱ्या भांड्यात हेच मिश्रण करून त्यात ४० ग्रॅम साखर विरघळवावी. तिसऱ्या भांड्यात लिंबूरस ३० मि.लि.च घेऊन पाण्याने एक लिटर करावे. तिन्ही थंड करून क्रमाने चाखावी. पहिल्याने तोंडाला पाणी सुटते. दुसऱ्यात आम्ल तितकेच असूनही ते साखरेआड लपते. तिसरे बेचव लागते. द्राक्ष वेलीवर उन्हात जास्त दिवस राहिले म्हणजे त्याच्या वाइनची हीच गत होते. घरातील मुलांनाही हा प्रयोग आवडेल.

सांसेरची पांढरी वाइन ज्या जातीची, तिचे फ्रेंच नाव सोव्हिन्यों ब्लां. आपल्याकडील बागाइतदारांच्या तोंडी ती ‘सॉव्हिनॉन ब्लँक’ आहे. हिच्या वाइनला ओल्या गवताचा किंवा हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. फळ अधिक पिकले तर हा हिरवा वास मावळतो व पपनसासारखा फळांचा वास पुढे येतो. तेथील टेकड्यांची जमीन चुनखडीची, काही ठिकाणी गारगोटीची आहे. तथापि आपल्याही शेतात चुनखडी आहे, तेव्हा सांसेरची चव आपोआप येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या भारी, चुनखडीयुक्त जमिनीत द्राक्षवेलीला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात. चुना हा येथे आधी उपाययोजनेचा विषय आहे.

खरा फरक हवेचा आहे. सांसेर सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर मिरजगाव १९ अंशांच्याही खाली. द्राक्षात टार्टारिक व मॅलिक अशी दोन मुख्य आम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत, फळाच्या श्वसनात, भराभर जळते. तेथे फळ सप्टेंबरच्या गार रात्रींत पिकते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फळ हिवाळ्यात आणता येते. गोडी छाटणी लवकर घेतली तर काढणी थंडी असतानाच उरकते. उशीर झाला तर फेब्रुवारीच्या अखेरचे ऊन थोड्या दिवसांत आम्ल उतरविते. परंतु लवकर छाटणीत कोवळी फूट सप्टेंबरच्या पावसात सापडते, आणि कर्जत तालुक्यात याच महिन्यात पावसाचा जोर असतो. मग केवडा रोग येतो. आम्ल राखावे तर केवड्याचे भय, केवडा टाळावा तर आम्ल जाण्याचे भय, अशी ही ओढाताण आहे व दरवर्षी हवा पाहूनच तिचा निर्णय करावा लागतो.

खाण्याच्या द्राक्षाची सवय येथे अडथळा ठरते. थॉम्पसनचा मणी फुगविण्यासाठी जिब्रेलिक आम्ल वापरणारा कुशल बागाइतदार वाइनच्या बागेत नेमके उलटे काम करून बसतो. येथे मणी लहान, बी असलेलाच हवा. गोडी वाढावी म्हणून आणखी आठ दिवस थांबणे हीही तीच चूक. काढणीच्या सुमारास बागेच्या निरनिराळ्या भागांतून शंभर मणी घेऊन रस काढावा व साखर आणि आम्ल दोन्ही तपासावी. १० मि.लि. रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून, गुलाबी रंग टिकेपर्यंत दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडावा. खर्ची पडलेल्या प्रत्येक मि.लि.मागे लिटरला पाऊण ग्रॅम आम्ल धरावे. ९ मि.लि. लागले तर आम्ल पावणेसात ग्रॅम झाले. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून हे काम जाणकाराकडून करवून घ्यावे. माल पहाटे, थंड असताना काढावा.

नाशिक येथील सुला कारखान्याने २००० साली सोव्हिन्योंची वाइन बाजारात आणली. पुढे आपल्या भागास जवळ अशा, भीमेपलीकडील अकलूज परिसरातही फ्रातेल्ली कारखान्याने या जातीच्या बागा केल्या. म्हणजे पीक अशक्य नाही. अडचण विक्रीची आहे. २००१ च्या शासकीय धोरणानंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८ ची जागतिक मंदी व नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ला यांनंतर खप घटला, कारखान्यांत साठे पडून राहिले आणि अनेकांनी उभ्या बागा तोडल्या किंवा त्यांवर खाण्याच्या जातींची कलमे बांधली. जाड सालीचे, बियांचे हे द्राक्ष बाजार समितीत कोणी विचारीत नाही. ते घेणारा एकच, कारखानदार.

म्हणून रोपे आणण्यापूर्वी लेखी करार करावा. त्यात किती वर्षे माल घेणार, ब्रिक्स व आम्ल कोणत्या मर्यादेत हवे, काढणीचा दिवस कोण ठरविणार, आणि कारखान्याने तो दिवस पुढे ढकलल्यामुळे आम्ल उतरले तर नुकसान कोणाचे, हे चारही मुद्दे स्पष्ट असावेत. शेवटचा मुद्दा लिहून देण्यास जो तयार नसेल, त्याच्यासाठी पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर लावणेही आमच्या मते धोक्याचे आहे.