‘झेवियर’ हे नाव कोणाचे?

आचऱ्यापासून पणजीपर्यंत फ्रान्सिस आणि झेवियर ही नावे आपल्या लोकांत नेहमी भेटतात. पण झेवियर हे मुळात माणसाचे नावच नव्हे! स्पेनमधील नव्हारे प्रांतातल्या एका वाड्याचे ते नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’. त्या वाड्यात संत फ्रान्सिस ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मले, ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. १६२२ साली ते संत घोषित झाले आणि त्यांच्या घराचे नाव लोक मुलांना ठेवू लागले.

फ्रान्सिसचेही तसेच. असिसीकर संतांचा बाप्तिस्मा ‘योहान’ या नावाने झाला होता. कापडाचे व्यापारी असलेल्या वडिलांनी त्यांना फ्रान्सेस्को, म्हणजे ‘फ्रेंच’, म्हटले. अर्थाने दोन्ही नावे साधीच, मोठी झाली ती संतांमुळे.

मग बाप्तिस्म्याला मराठी नाव चालेल का? चालेल. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८५५ वा नियम संताच्याच नावाचा आग्रह धरत नाही. ख्रिस्ती भावनेला न शोभणारे नाव मात्र नको. ही काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरूंनी घ्यायची आहे. दोन नावे ठेवणार असाल, तर दोन्ही बाप्तिस्म्याच्या नोंदीत लिहून घ्या. नाहीतर लग्नाच्या वेळी कागदपत्रांसाठी धावपळ होते.