एकमेकांसोबत वाढणारा विश्वास

प्रश्न : नोकरीसाठी खारघरला आलो. रविवारच्या उपासनेला जातो, पण विश्वासात वाढ जाणवत नाही. मंडळीतल्या एका काकांनी ‘आपण दोघं बसत जाऊ’ असं सुचवलंय. उपयोग होईल?
– एक वाचक, खारघर

उत्तर : जरूर बसा. पौलाने तीमथ्याला असंच घडवलं. आपल्याकडचं उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. 1893मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि 1895मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र 1900मध्ये झाला. प्रत्येकाची चाल वेगळी, घाई नको.

आठवड्यातून एक तास ठरवा. मार्कच्या शुभवर्तमानात 16 अध्याय आहेत. दर भेटीत एक वाचा. वहीत दोनच गोष्टी लिहा : काय उमगलं आणि या आठवड्यात काय करणार. उदाहरणार्थ, ‘अबोला धरलेल्या भावाला फोन.’ पुढच्या भेटीची सुरुवात त्याच ओळीपासून करा. शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना करा.

भेटीबद्दल पाळकांना कल्पना द्या. मार्गदर्शक पैसे मागत असेल, गुप्तता लादत असेल, तर तिथेच थांबा. खरा मार्गदर्शक स्वतःकडे नव्हे, ख्रिस्ताकडे बोट दाखवतो.