लाडकी बुलेट एक्स्चेंजमध्ये द्यावी का?

प्रश्न : माझ्याकडे १९९७ ची कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे, ठणठणीत आहे. येत्या उन्हाळ्यात पत्नीसह लेहला जायचा बेत आहे. शोरूमवाले म्हणतात, ही एक्स्चेंजमध्ये द्या आणि हिमालयन ४५० घ्या. मन होत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नवी घ्यावी का आणि जुनी द्यावी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शोरूममध्ये ते एकत्र केले जातात. तुम्ही वेगवेगळे सोडवा.

लेहला नक्की जायचे असेल, तर नवी घ्या. जुन्या बुलेटवर लेह गाठणारे पुष्कळ आहेत. पण दोघे जण, वर सामान आणि मैलोन्‌मैल उतार असला की ड्रम ब्रेक तापतात आणि पकड सुटू लागते. हिमालयनला दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस आहे. शिवाय खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा. कार्बोरेटर मात्र साताऱ्याच्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो, त्यामुळे गाडी काळा धूर ओकते आणि ओढत नाही. फ्युएल इंजेक्शन हवेच्या मानाने पेट्रोल देते.

उणी बाजूही ऐका. बुलेटचे पॉइंट कुठल्याही गावचा मेकॅनिक घासून देतो. हिमालयनचा सेन्सर गेला तर टोचनच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढे ४०. हिमालयन ४५२ सीसीची. तुमचे खरे फिरणे कोकण-महाबळेश्वरचेच असेल, तर ३४९ सीसीची मीटिओर पुरते. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे, म्हणून टेस्ट राइड वहिनींना मागे बसवूनच घ्या. त्यांना चढता-उतरता येणे आणि तासभर बसवणे महत्त्वाचे.

एक धोका कोणी सांगत नाही. तुमच्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाडीत नेमके उलटे. समोर अचानक म्हैस आली की पाय विचार करत नाही, सवयीने पडतो. म्हणून नवी घेतल्यावर लेहला निघेपर्यंत फक्त तीच चालवा. आठवड्यात दोन्ही आलटून-पालटून नकोत.

आता जुनीचे. एक्स्चेंजमध्ये देऊ नका. शोरूमच्या लेखी ती फक्त जुनी गाडी. मूळ टाकी, मूळ मडगार्ड शोधत फिरणारा शौकीन थेट घेईल तो भाव वेगळा असतो. ठेवायची असेल, तर तिला वेळ द्यायची तयारी हवी. कव्हरखाली महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कार्बोरेटर तुंबतो, टाकी आतून गंजते. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. आरसीवरची तारीख आजच पाहा.

माझे स्पष्ट मत असे : लेहहून परत येईपर्यंत बुलेट विकू नका. आल्यावरही तिच्यावर बसावेसे वाटले तर ठेवा. नाही वाटले, तर रोज किक मारणारा माणूस गाठा. व्यवहार होताच फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवरचे नाव बदलून घ्या. नाव तुमचेच राहिले, तर त्याच्या दंडाच्या पावत्या तुमच्या नावावर येतील.